माहीत असेल तो दुष्ट

४ जून

ताई,

पत्राला उशीर झाला, कारण गेला आठवडाभर मला कामातून मान वर करायला फुरसत नव्हती. हे लिहून माझं मलाच हसू आलं, तेव्हा तूही हसून घे आणि पुढे वाच.

नवं सत्र सुरू झालं. या वर्षी जपानी कायद्याला तीन विद्यार्थी आहेत. त्यातला एक चुकून आलाय. त्याला शेजारच्या वर्गात करांचा कायदा शिकायचा होता, पण पहिल्या दिवशी उठून जायची लाज वाटली आणि आता रोजच वाटते. दुसरा मोबाईल चार्ज करायला येतो. जिन्याखालच्या आमच्या खोलीतला प्लग अख्ख्या इमारतीत चांगला आहे, असं त्याचं संशोधन आहे. तिसरी चष्मेवाली. ही मात्र खरंच शिकते. पहिल्याच तासाला तिने प्रश्न विचारला तेव्हा मी दचकलो. उत्तर द्यायची सवय कुठे राहिलीय?

काल त्यांना माझा लाडका शब्द शिकवला. तुला तो माहीत नसणार, कारण मी विषयाचं नाव काढलं की तुला कुंड्यांना पाणी घालायची आठवण होते. जपानी दिवाणी कायद्यात दोन शब्द आहेत. ‘झेन-इ’ म्हणजे चांगली भावना, आणि ‘अकुइ’ म्हणजे वाईट भावना. वर्गात मी सरळ सज्जन आणि दुष्ट म्हणतो. समज, कुणी तुला भलत्याचीच सायकल विकली. ती त्याची नाही हे तुला माहीत नसेल, तर तू सज्जन. माहीत असेल, तर तू दुष्ट. संपलं! तुझ्या मनात काय होतं नि पोटात काय होतं, कुणी विचारत नाही. अट्टल लबाडाला माहीत नसेल तर तो सज्जन, आणि देवमाणसाला माहीत असेल तर तो दुष्ट. चार्जिंगवाला म्हणाला, “सर, मग परीक्षेत आम्ही सगळे सज्जनच.” एवढं चांगलं उत्तर मला बऱ्याच वर्षांत मिळालं नव्हतं.

आता बातमी. विद्यापीठाने ‘अभ्यासक्रम सुसूत्रीकरण समिती’ नेमलीय. सुसूत्रीकरण म्हणजे कात्री. शब्द जेवढा लांब, तेवढी कात्री मोठी. कोणते विषय बंद करायचे ते ठरवायला दर गुरुवारी बसतात, आणि यादीत पहिलं नाव माझ्या विषयाचं आहे. आयुष्यात प्रथमच कुठेतरी पहिला आलो, आईला कळलं असतं तर बरं वाटलं असतं. समितीत डीनबाई धरून चौघे इथले, आणि पाचवे बाहेरचे, ‘एक अनुभवी निवृत्त न्यायाधीश’. नाव गुप्त, म्हणजे कुणी दबाव आणू नये. असेल बिचारा कुणीतरी, बायकोला दिवसभर घरात नकोसा झालेला.

निवृत्तीला चार वर्षं उरलीत. विषय गेला तर मला सायबर कायदा शिकवायला लावणार आहेत. मला, ज्याला स्वतःचा पासवर्ड आठवत नाही! थट्टा करतोय, पण खरं सांगू? रात्री उठून ती यादी पुन्हा वाचतो.

भावोजींचा गुडघा कसा आहे?

तुझा (सज्जन) भाऊ


१५ जून

प्रिय जपान्या,

पत्र मिळालं. तू विचारतोस तसा गुडघा बरा आहे, माणूस तसाच आहे.

आधी एक सांगते. न्यायाधीशांच्या बायकांबद्दल जरा जपून लिहीत जा. त्यांना नवरे घरात नकोसे होतात हे खरं, पण ते आम्ही म्हणायचं, तू नाही.

फोन का करत नाही म्हणून परवा ओरडलास. फोनवर मनासारखं भांडता येत नाही रे. हे समोर बसतात, दोन्ही बाजू ऐकतात आणि मी फोन ठेवला की निकाल देतात. अपिलाची सोय नाही. त्यापेक्षा पत्र बरं.

तुझ्या सज्जन-दुष्टांचं वाचून मात्र मजा वाटली. त्या हिशेबाने आपलं सगळं खानदान सज्जन म्हणायचं. तू नेमकं काय करतोस हे आजवर एकालाही माहीत नाही! आठवतं ना, तू गेलास तेव्हापासून आई शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत होती, “मुलगा जपानला गाड्या बनवायला गेलाय.” परत आलास तर काका त्यांची बंद पडलेली गाडी घेऊन दारात उभे. तू म्हणालास, मी तिथला कायदा शिकलोय, तर ते म्हणाले, “तिथे भांडतात कशाला? ते तर वाकून नमस्कार करतात.” आणि सगळ्या मावश्यांच्या धुलाई यंत्रांची माहितीपुस्तकं तुझ्या टेबलावर! त्यातलं एक तर कोरियन निघालं. तरी तू तीन पानं भाषांतर करून दिलंस. मावशी अजून म्हणते, त्या दिवसापासून यंत्र जास्त आवाज करतं.

समितीबिमितीचं मला काय कळतंय? तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

हं, एक काम कर. तुझा विषय कशासाठी शिकायचा, हे मला एका कागदावर लिहून पाठव. साध्या मराठीत. ‘तौलनिक’ शब्द दिसला तर कागद फाडीन. सहज विचारतेय. बाईमाणसाला कधी कुतूहल वाटू नये का?

ह्यांचं बरं आहे. दर गुरुवारी गुडघ्याच्या व्यायामासाठी बाहेरगावी जातात. तिकडचा डॉक्टर चांगला आहे म्हणे. संध्याकाळी येतात ते कागदांची पिशवी घेऊन. व्यायामाचे कागद.

तुझी ताई


२४ जून

ताई,

कुतूहल! तुला! माझ्या विषयाबद्दल! पत्र खिडकीशी नेऊन अक्षर तुझंच आहे ना ते पाहिलं.

आणि गुडघ्याच्या व्यायामासाठी बाहेरगावी? तिथवर जाण्यातच गुडघ्याचा भुगा होत असेल. पण भावोजींनी एकदा ठरवलं की ते विधिमंडळालाही बदलता येणार नाही.

लिहितो. एकाच कागदात बसवतो.

पहिलं खरं हे की, मी हा विषय निवडला नाही. शिष्यवृत्त्या होत्या अनेक, प्रत्येकीला शंभर अर्ज. जपानच्या शिष्यवृत्तीला एक अर्ज आला, तो माझा. मुलाखतीत विचारलं, “जपानच का?” मी म्हणालो, “लहानपणापासूनची ओढ.” तोवर मी नकाशावर जपान दोनदा चुकीच्या जागी दाखवला होता. तिथे दोन वर्षं भाषा कळली नाही, तिसऱ्या वर्षी कळली, तर जे बोलत होते ते माझ्याबद्दलच होतं. चौथ्या वर्षी मी प्रेमात पडलो. विषयाच्या. तू भुवई उचललीस ते मला इथून दिसलं.

परत आलो तर नेमणुकीच्या मुलाखतीत विचारलं, “जपानात न्यायालयं असतात का?” मी हो म्हणालो, म्हणून मला घेतलं. बढतीच्या मुलाखतीतही तेच विचारलं. परिषदांमध्ये माझा निबंध नेहमी जेवणाच्या आधी, म्हणजे मी उभा राहिलो की श्रोते हात धुवायला उठतात. भूकंप झाला की वाहिनीवाले फोन करतात, “सर, काय वाटतं?” मला काय वाटणार? वाईट वाटतं.

उपयोग विचारतेस, तर एकदाच झाला. इथल्या एका कंपनीला जपानी कंपनीशी करार करायचा होता. मसुद्यात त्यांचं एक कलम होतं, ‘मतभेद झाल्यास दोन्ही पक्ष मनापासून बसून बोलतील.’ आमचे वकील हसले आणि ते कलम खोडलं. मी म्हणालो, अहो, हे खोडू नका, त्यांचा सगळा भरवसा यावरच आहे. ते म्हणाले, प्रोफेसर, हे कायद्यात बसत नाही. मग समोरच्यांनी मसुदा पाहिला, वाकले आणि म्हणाले, “विचार करू.” इकडे सगळे खूश, रात्रीचं हॉटेल ठरलं. मी एकटाच म्हणत होतो, बाबांनो, ‘विचार करू’ म्हणजे नाही! तोंडावर नाही म्हणणं त्यांना जड जातं, म्हणून ते ‘विचार करू’ म्हणतात. कुणी ऐकलं नाही. करार झाला नाही, आणि अपशकुनी म्हणून मला पुन्हा बोलावलं नाही.

मग कशासाठी शिकायचं? ताई, मला एवढंच सांगता येतं. दुसऱ्याच्या घरात कसं वागतात ते पाहिल्याशिवाय आपल्या घरात आपण किती ओरडतो ते कळत नाही. इथे वकील होणारी मुलं पहिल्या दिवसापासून भांडायला शिकतात. वर्षातून तीन मुलांना मी सांगतो की कायदा न भांडण्यासाठीही असतो. त्यांतलं एक चुकून आलेलं असतं, हे मान्य.

हा विषय गेला तर मी उपाशी मरणार नाही. पण इतकी वर्षं मी काय करत होतो, याचं उत्तर त्याच्याबरोबर जाईल. तेवढं एक उत्तर मला हवं आहे.

कागद संपला. तौलनिक शब्द वापरला नाही.

तुझा (सज्जन) भाऊ


६ जुलै

प्रिय जपान्या,

कागद छान झालाय. मला रडू आलं, आणि हे दोनदा हसले.

म्हणजे कागद टेबलावर राहिला होता, आणि ह्यांना वाटलं त्यांचाच आहे. वयोमानाने होतं असं. तू त्यात काही शोधू नकोस.

एक सूचना. समितीपुढच्या मुलाखतीला तो पट्ट्यापट्ट्यांचा टाय घालू नकोस, त्यात तू बँकेच्या जाहिरातीतल्या आजोबांसारखा दिसतोस. साधा निळा घाल. डीनबाईंशी वाद घालू नकोस. त्या बाई तोंडाने गोड आहेत, पण मत आधीच ठरवून बसल्यात असं दिसतं. त्या दोघा पुरुषांशी नीट बोल, ते वळण्यातले आहेत.

असं आपलं मला वाटतं. समित्या सगळीकडे सारख्याच असतात ना.

चष्मेवालीला माझा आशीर्वाद सांग. तीन म्हणजे तीन! घरात आपण दोघंच होतो, तरी आई म्हणायची वर्ग सांभाळल्यासारखं वाटतं.

ह्यांचा गुडघा या गुरुवारी जास्त दुखतोय. बहुधा जाणार नाहीत.

ताई


१८ जुलै

ताई,

निळा टाय घातला होता. कुणाच्या लक्षात आलं नाही.

मुलाखत झाली. पाच खुर्च्या, त्यातली एक रिकामी. डीनबाई म्हणाल्या, “आपले न्यायाधीश महोदय आज गुडघ्यामुळे येऊ शकले नाहीत.” ताई, या देशात न्यायाधीशही पुष्कळ आणि गुडघेही पुष्कळ, तेव्हा तोपर्यंत मी शहाणपणाने काही मनात आणलं नाही. आणायचं नाही असं ठरवलं होतं, असं म्हण.

पहिला प्रश्न, “जपानात न्यायालयं असतात का?” मी हो म्हणालो. तिसऱ्यांदा बरोबर उत्तर दिलं! मग एकाने विचारलं, “हाच विषय जरा आधुनिक करून सायबर वगैरे नाही का होणार?” कानामागून आली आणि तिखट झाली, ती ही सायबर. मी म्हणालो, नाही होणार.

मग डीनबाईंनी फायलीतून एक टिपण काढलं. “न्यायाधीश महोदयांनी चर्चेसाठी एक मुद्दा पाठवलाय,” म्हणाल्या, आणि वाचून दाखवलं: “दुसऱ्याच्या घरात कसं वागतात ते पाहिल्याशिवाय आपल्या घरात आपण किती ओरडतो ते कळत नाही.” आणि मला विचारतात, “यावर आपलं मत काय?”

मत काय! वाक्य माझंच होतं. तुझ्यासाठी लिहिलेलं, तुझ्या टेबलावर राहिलेलं, वयोमानाने कुणाला तरी स्वतःचं वाटलेलं. मी म्हणालो, विचार चांगला आहे. तेवढ्यावर दोघं पुरुष माना डोलवायला लागले. ताई, ते खरंच वळले गं. मला दिसलं. चार वर्षं, खोली, चष्मेवाली, सगळं डोळ्यांसमोर आलं. आणि लगेच कळलं की मी आता सज्जन राहिलेलो नाही.

ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हे तुझं आईवर गेलंय. पण सायकल भलत्याची आहे हे मला आता माहीत आहे. माहीत नसतं तर मी तिच्यावर बसून चार वर्षं घंटी वाजवत फिरलो असतो, आणि कायद्याने मला कुणी बोट लावलं नसतं. मी वर्गात वर्षानुवर्षं हेच एक शिकवलंय. मुलांनी ऐकलं असेल-नसेल, पण माझ्या स्वतःच्या कानांवर ते रोज पडत होतं.

आज सकाळी डीनबाईंकडे गेलो. म्हणालो, बाहेरचे सदस्य माझ्या सख्ख्या बहिणीचे यजमान आहेत, नोंद घ्यावी. बाई म्हणाल्या, “अरे बापरे.” चेहऱ्यावर मात्र बापरे दिसलं नाही.

तुला आधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस. रागाव, पण कोंबडं किती दिवस झाकणार होतो आपण?

भाऊ


२९ जुलै

शहाण्या,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. हात दाखवून अवलक्षण करून घेतलंस! समाधान झालं?

कोंबडं झाकलं होतं ना? मग झाकलेलं राहिलं असतं! आडनाव वेगळं, गाव वेगळं, कोण विचारायला येणार होतं? बायकोचा भाऊ म्हणजे काय गुन्हा आहे? या माणसाला मी कसं वळवलं ते तुला ठाऊक आहे? यादीत तुझं नाव बघून पहिल्या दिवशीच समिती सोडायला निघाले होते. मी दारात उभी राहिले. म्हटलं, आयुष्यभर लोकांना न्याय दिलात, माझ्या भावाला द्यायची वेळ आली तर गुडघा दुखतो? मग तुझा कागद मागवला. नाश्त्याच्या ताटलीखाली ठेवला. रोज विचारलं, काय ठरलं? रोज म्हणायचे, “बघू.” बघू म्हणजे हो! इतका संसार केलाय मी त्यांच्याशी, मला त्यांच्या बघूचा अर्थ कळत नाही?

त्यांचं मत तयार होतं रे. दोन ते, एक हे, तीन झाले होते. तू जाऊन त्यांना उठवलंस. राहिले दोन-दोन, आणि शेवटचं निर्णायक मत त्या गोड बाईंचं. गेला तुझा जपान. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे आई तुझ्याकडे बघून म्हणायची ते उगीच नाही.

आणि सगळ्यांत वाईट काय सांगू? ह्यांनी उभ्या जन्मात माझं पहिल्यांदा ऐकलं होतं. साधा पडद्यांचा रंग माझ्या मनासारखा होऊ दिला नाही कधी. एवढं एक ऐकलं, आणि तेही तू वाया घालवलंस. हे मात्र अगदी शांत आहेत. तीन दिवस गुडघ्याचं नाव काढलेलं नाही. धक्का बसलाय त्यांना.

मला पत्र लिहू नकोस. लिहिलंस तरी मी लगेच उत्तर देणार नाही.

ताई


३ ऑगस्ट

प्रोफेसर,

तुमची भगिनी दातांच्या डॉक्टरांकडे गेली आहे, म्हणून हे लिहिता येतं आहे. तिने तुम्हाला काय लिहिलं ते मला माहीत आहे. लिहिताना ती मोठ्याने बोलते.

मी तुम्हाला आजवर कधी पत्र लिहिलं नाही. आपलं फारसं जमलं नाही, याला कारण मी तुमच्या विषयाला ‘वाकून नमस्कार करण्याचं शास्त्र’ म्हणालो होतो. ते शब्द मागे घेतो.

आता तथ्यं. समितीवर येण्याचं कबूल केलं तेव्हा यादी आलेली नव्हती. ती आली त्या दिवशीच मला उठायला हवं होतं. न्यायालयात असताना पक्षकाराचा आणि माझा न्हावी एक निघाला तरी मी खटला सोडत असे. हा सोडला नाही. तुमची भगिनी दारात उभी होती, हे खरं. पण खिडकी होती, फोन होता, राजीनामा लिहायला हात होते. दोष तिच्यावर टाकणार नाही.

तुमचा कागद वाचला. दोनदा हसलो. त्यातलं एक वाक्य समितीपुढे ठेवलं, कारण ते ठेवण्यासारखं होतं, आणि कुणाचं ते लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं नव्हतं. घरी रोज प्रश्न होत होता, मी रोज ‘बघू’ म्हणत होतो. जपानी माणसाचं ‘विचार करू’ ज्याला कळतं, त्याला याचा अर्थ सांगायला नको. तिला सांगायचं धाडस मला झालं नाही.

मी विरोधात मत देणार होतो.

विषयाला विरोध नव्हता. कागद अनोळखी माणसाचा असता, तर मी त्याच्या बाजूने मत दिलं असतं. मेहुण्याला झुकतं माप दिलं असं उद्या कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी मी तुम्हाला बुडवायला निघालो होतो. त्या गुरुवारी गुडघा दुखत होताच, पण तुमच्यासमोर बसवलं नसतं, हेही खरं. याला मी मनातल्या मनात निःस्पृहपणा म्हणत होतो. डीनबाईंचा फोन आला, तुम्ही स्वतः जाऊन नातं सांगितलंत असं कळलं, तेव्हा या गोष्टीचं खरं नाव आठवलं. भित्रेपणा. तुमच्या व्याख्येनुसार दुष्टांत माझं पद सगळ्यांत वरचं. मला सगळंच माहीत होतं.

मी राहिलो असतो तर तीन विरुद्ध दोन, उठलो तर दोन-दोन आणि बाईंचं मत. विषय दोन्ही वाटांनी जाणारच होता. फरक एवढाच की आदेशावर माझी सही नाही. ती टळली ती तुमच्यामुळे. आभार मानतो. हा शब्द मी घरात वापरत नाही, तेव्हा जपून ठेवावा.

एक विनंती आहे. हे तिला कळवू नये. आपल्या नवऱ्याने एकदा तरी आपलं ऐकलं, असं ती समजून आहे. काल तिने शेजारणीला तसं सांगितलंही. तिला माहीत नाही, तेव्हा तुमच्या कायद्याने या घरात ती एकटी सज्जन आहे. तिला सज्जनच राहू द्या.

पत्र वाचून फाडावं.

आपला,
भावोजी


१४ ऑगस्ट

ताई,

लिहू नकोस म्हणालीस, म्हणून लिहितोय. लहानपणापासून तुझं किती ऐकलंय ते तुला माहीतच आहे.

आदेश आला. पुढच्या वर्षापासून विषय बंद. मी सायबर कायदा शिकवणार. खोली भांडारात जाणार आहे, म्हणून परवा शिपायाने दारावरची पाटी काढली. खालचा रंग नवाकोरा निघाला, तेवढ्या चौकोनापुरता. तो गेल्यावर दार लावून रडलो. तुला सांगायला लाज कसली?

मग चष्मेवाली आली. म्हणाली, “सर, तुम्ही सांगितलं नसतं तर?” म्हटलं, तर मी तुला तो शब्द शिकवताना खाली बघितलं असतं. ती म्हणाली, मला उरलेला कायदा वाचायचाय, गुण नकोत. गुण नसलेले विद्यार्थी मी आयुष्यभर पाहिले, गुण नको म्हणणारी पहिलीच! आता आठवड्यातून एकदा वाचनालयात बसतो. चुकून आलेला परवा तिथेही आला. म्हणाला, करांच्या वर्गात गेलो होतो, पण आता तिथे चुकून आल्यासारखं वाटतं. चार्जिंगवाल्याला वाचनालयातला प्लग पसंत पडलेला नाही.

आता तुझं. तू म्हणतेस ते सगळं खरं. हात दाखवून अवलक्षण केलं. तू एवढ्या खटपटीने भावोजींना वळवलंस, आणि मी तयार मत घालवलं. ते मत पक्कं होतं, यात मलाही शंका नाही. त्यांच्या ‘बघू’चा अर्थ तुझ्याइतका कुणाला कळणार? मी जपान्यांचा अभ्यास केला, त्यांचा तू केलास.

ते शांत आहेत म्हणतेस, तर राहू दे. छेडू नकोस, जुनं उकरू नकोस. ज्या माणसाने आयुष्यात एकदाच बायकोचं ऐकलं आणि तेही मेहुण्याने वाया घालवलं, त्याला वाईट वाटणारच. त्यांना म्हणावं, त्यांनी माझ्यासाठी जे ठरवलं होतं ते मला कळलं, आणि माझा राग नाही. हेच शब्द सांग. आणि पडद्यांच्या रंगाचं आत्ताच विचारून घे. या आठवड्यात ते नाही म्हणणार नाहीत, असं मला आपलं वाटतं.

या वेळी ‘बघू’ म्हणाले तर मात्र थेट दुकानात घेऊन जा.

तुझा दुष्ट भाऊ